कण्यावरच्या काळ्या पायऱ्या

चष्मा डोक्यावर चढवते आणि टेबलाखाली शोधते. काखेत कळसा, गावाला वळसा.

एकाच सकाळी तीन कप चहा करते. तिन्ही तीन ठिकाणी गार होतात.

अर्धं वाक्य बोलून उठून जाते. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी सांगते, सुरुवातीशिवाय.

घडी दाबायची हाडाची पट्टी केसांत खोचते. तिच्या केसांतून एकदा दोन पट्ट्या, एक पेन्सिल आणि दोऱ्याची सुई निघाली होती.

कुठेही वेळेवर पोचत नाही. एक तर चाळीस मिनिटं उशीर, नाहीतर तासभर लवकर.

पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवते आणि पानं सांगते. दोनशे अठ्ठ्याऐंशी म्हणाली, तर दोनशे अठ्ठ्याऐंशीच असतात.

घरात तिला भिंगरी म्हणत. अडतीस वर्षांची झाली तरी भिंगरीच. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि ती तिथे शाळेत असल्यापासून बसत होती. पहिल्या मजल्यावर लांबट खोली, दोन खिडक्या, मधोमध मोठं टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. समोरच्या छापखान्यात एक तरुण प्रुफं वाचायचा. साहित्य शिकलेला, बोलायला बुजरा. त्याचं खरं नाव भिंगरीच्या लक्षात राहिना, म्हणून तिने त्याला काना-मात्रा म्हणायला सुरुवात केली. पुढे सगळेच म्हणू लागले. तो सुट्टीच्या वेळात तिच्या टेबलाशी येऊन बसे आणि तिचे हात बघत राही.

हात बघण्यासारखेच होते. फाटलेलं पान ती असं सांधायची की सांधा उजेडात धरूनही दिसू नये. पण ते पान सांधताना बाजूला पडलेली तीस पुस्तकं तिला दिसत नसत. मोठा भाऊ, ज्याला ती दादा म्हणे, तो तिला आरंभशूर म्हणायचा.

"सुरुवात बघावी हिची. शेवट बघायला माणसाला आयुष्य पुरत नाही."

दादा एका कचेरीत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात रोज एकच पेन असे, आणि ते वर्षानुवर्षं तेच असे.

त्या वर्षी वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. दुकान आता पुढे कोणी चालवायचं, हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नव्हतं. मग एका शाळेच्या स्मरणिकेने तो उच्चारला.

दोनशे प्रती होत्या. शिवून झालेल्या, कव्हरात बसवायच्या तेवढ्या राहिलेल्या. गठ्ठ्यातली सगळी पुस्तकं डोकं एका दिशेला करून ठेवायची, एकेक उचलायचं, खळ लावायची, कव्हरात बसवायचं. एकशे चाळीस झाली आणि फोन वाजला. कागदवाल्याचा. भिंगरीने वही ठेवायला जागा हवी म्हणून गठ्ठा सरकवला. सरकवताना तो फिरला. फोन संपला, ती पुढच्या पुस्तकाला लागली. वरून सगळं सारखंच दिसत होतं.

साठ पुस्तकं उलटी बसली.

शाळेच्या कार्यक्रमात, मंचावर, निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हातात नेमकी त्यातलीच एक प्रत आली. बाईंनी पहिलं पान उघडलं. शाळेचे संस्थापक डोक्यावर उभे होते.

"शीर्षासन छान जमलंय," बाई माईकवर म्हणाल्या. सभागृह हसलं. दादाही तिथेच होता. तो हसला नाही.

घरी आल्यावर तो वडिलांशी बोलला. भिंगरी समोरच होती.

"बाबा, शेजारचा खोकीवाला कधीपासून जागा मागतोय. पुठ्ठ्याची खोकी करतो, नेटका माणूस आहे. भाड्याने देऊन टाकू. तुम्ही आराम करा. हिला छापखान्यात घेतील."

"आणि दुकान?" वडील म्हणाले.

"दुकान कोण चालवणार? ही? मी हिच्या वाईटावर नाही. पण बाबा, साठ माणसांच्या घरी आपलं नाव उलटं गेलंय."

साठ पुस्तकं मुद्दाम उलटी लावायची म्हटलं असतं तरी भिंगरीला इतकं नीट जमलं नसतं.

वडिलांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरला. मग म्हणाले, "वाचनालयाचं काम येतंय. जुने संदर्भखंड, चाळीस. एकवीस दिवसांत बांधून द्यायचेत. सगळे वेळेत आणि सरळ गेले तर किल्ली हिची. एक जरी चुकला तर खोकीवाल्याला बोलाव."

दादाने मान डोलावली. पैज त्याला न्याय्य वाटली. भिंगरीलाही वाटली.

खंड यायला दोन आठवडे होते. तोवर छापखान्याकडून एक किरकोळ काम आलं. शिक्षकांसाठीची पुस्तिका, पाच फर्म्यांची. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात, तो कागद घड्या घालून फर्मा होतो. घडी घालण्याआधी पानं क्रमाने नसतात. काही सुलटी, काही उलटी, काही मागच्या बाजूला.

तिसरा फर्मा हातात घेतला आणि एका ओळीवर तिची नजर अडकली. 'मूल हुशार असते, पण कामाची सुरुवात करणे त्याला जड जाते. ऐन वेळी हातातले काम सोडून ते दुसऱ्याच कामात शिरते.' पुढचं पान उलटं होतं. तिने कागद फिरवला. 'आवडीच्या कामात ते तहानभूक विसरते. यामुळे इतरांना वाटते की, ते मुद्दाम करते.' त्यापुढचं पान मागच्या बाजूला. तिने कागद पालटला. असं फिरवत आणि पालटत तिने सोळा पानं उभ्याउभ्या वाचली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एडीएचडी आणि मेंदूची कार्यकारी कौशल्ये.

काना-मात्रा दारात उभा होता.

"अरे, हे तू वाचलं होतंस?"

"प्रुफं मीच तपासली, ताई."

"मग?"

तो अवघडला. "तपासताना सारखं तुमचंच चित्र समोर येत होतं. पण सांगू कसं? तुम्ही म्हणाला असता, हा काना-मात्रा माझ्याही चुका काढायला लागला."

"म्हणालेच असते," भिंगरी म्हणाली. "पण हे पोरांबद्दल आहे. मी अडतीसची घोडी."

"पोरं मोठी होतातच की, ताई."

ती हसली. मग कागद घडी न घालता तसाच ठेवून तिने फोन उचलला आणि पुस्तिकेच्या शेवटी दिलेला डॉक्टरांचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादं काम मनात आल्या मिनिटाला केलं आणि ते योग्य होतं.

डॉक्टरबाईंनी लहानपणचं आठवणारं कोणीतरी सोबत आणायला सांगितलं होतं. वडील आले. दादाही आला, खरं म्हणजे वडिलांचा हात धरायला. वडिलांनी पिशवीतून एक छोटं जाडसर पुस्तक काढलं. निळ्या कापडाची बांधणी.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिची प्रगतिपुस्तकं. पहिलीपासून दहावीपर्यंत. सुटे कागद हरवतात, म्हणून बांधून ठेवली."

भिंगरीने ते पुस्तक कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर वाचत गेल्या. पहिली : 'हुशार आहे, जागेवर बसत नाही.' तिसरी : 'गणित अचूक, वही अपूर्ण.' पाचवी : 'लक्ष दिले तर पहिली येईल.' आठवी : 'सुरू केलेले पूर्ण करत नाही.' दहावीच्या बाईंनी फक्त 'आठवीप्रमाणेच' लिहिलं होतं.

"सातवीचं दिसत नाही."

"ते हिनेच हरवलं," वडील म्हणाले. "घरी आणता आणता."

डॉक्टर हसल्या. प्रश्न विचारत राहिल्या, दोन तास. झोप कशी, वाचन कसं, काळजीने कधी खचलात का, थायरॉईड तपासलंय का. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, पुन्हा तितकेच प्रश्न. मग म्हणाल्या, "एडीएचडीच आहे. लहानपणापासून."

दादा एकदम पुढे सरकला. "म्हणजे मेंदूत बिघाड?"

"बिघाड नाही. घडण वेगळी." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "याच्या मागचा मेंदूचा भाग, आणि तिथून आतल्या भागांकडे जाणाऱ्या वाटा. कामं क्रमाने लावणं, सुरू करणं, मधेच काही आडवं आलं तर स्वतःला थोपवणं, वेळेचा अंदाज घेणं, ही त्यांची कामं. आणखी एक. आत्ता लागणारी गोष्ट थोडा वेळ हाताशी धरून ठेवणं. गठ्ठा फिरवला, हे दोन मिनिटं लक्षात ठेवणं."

"पण हिला वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या पुस्तकाच्या दोऱ्याचा रंग आठवतो," दादा म्हणाला.

"ते कपाट वेगळं. कपाट मोठं आहे त्यांचं. टेबल लहान आहे."

भिंगरीने मान वर केली. टेबलाची भाषा तिला कळत होती.

"मग फाटलेलं पान सांधताना मी चार तास हलत कशी नाही?"

"या वाटांवरून निरोप रसायनांमार्फत जातात. काम रंजक असलं की तुमचे निरोप धावत सुटतात. इतके, की थांबा म्हणणारा निरोप मागे पडतो. कंटाळवाणं असलं की निघतच नाहीत. इच्छा असते, पण गाडी चालू होत नाही. बाहेरच्याला दिसतो तो आळस."

दादाने खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"हे येतं कुठून?" वडिलांनी विचारलं.

"पुष्कळदा घराण्यातून. तुमच्याकडे आणखी कोणी धांदरट?"

"छे," वडील ठामपणे म्हणाले. तेवढ्यात बाहेरची मुलगी दार उघडून म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळची तुमची छत्री आमच्याकडेच राहिलीय. आणि आजचा चष्माही."

भिंगरी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी दिली, अगदी कमी मात्रेची. "ही तुमचं काम करणार नाही. सुरुवातीचा चढ थोडा कमी करेल. बाकी जे डोक्यात टिकत नाही, ते डोळ्यांसमोर मांडा. कसं, ते तुम्ही ठरवा. तुमचं दुकान मला माहीत नाही."

भिंगरीला माहीत होतं.

फर्म्यांचा क्रम चुकू नये म्हणून बांधणीवाल्यांची एक जुनी युक्ती असते. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, म्हणजे पुढे जो पुस्तकाचा कणा होणार तिथे, एक काळी खूण छापतात. प्रत्येक फर्म्याची खूण आधीच्यापेक्षा जरा खाली. सगळे फर्मे क्रमाने लावले की कण्यावर तिरप्या काळ्या पायऱ्या उतरताना दिसतात. एखादा फर्मा गाळला की पायरी तुटते. मोजायला नको, वाचायला नको. दारातूनही कळतं.

तिने एकवीस पुठ्ठे कापले. एकेका दिवसाचा एक. त्यावर त्या दिवसाची कामं, तीनपेक्षा जास्त नाहीत. कडेला काळी खूण, आदल्या दिवसापेक्षा जरा खाली. काम संपलं की पुठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर उभा करायचा, पुस्तकासारखा.

आणि लाल दोरा. गठ्ठ्यावरून हात उचलायचा तर आधी सगळ्यात वरच्या पुस्तकाच्या डोक्याशी लाल दोरा बांधायचा. फोन वाजो, दार वाजो, छप्पर पडो.

"छप्पर पडलं तरी?" काना-मात्राने विचारलं.

"आधी दोरा. मग पळायचं."

खंड आले. जाडजूड, कणे निखळलेले. पहिले आठ दिवस जुन्या बांधण्या उसवण्यात आणि शिवणीत गेले. कट्ट्यावर आठ पायऱ्या उतरल्या. दादा दोनदा डोकावून गेला.

नवव्या दिवशी सतराव्या खंडात घडीचा नकाशा निघाला. समुद्राच्या मधोमध फाटलेला. भिंगरीने तो उघडला आणि दिवस संपला. समुद्र असा सांधला गेला की लाटसुद्धा तुटली नाही. पण त्या दिवसाचे पाच खंड शिवायचे राहिले. दहाव्या दिवशी तिने दहाव्या दिवसाचं काम केलं, कारण कणे गोल करायला तिला आवडायचं. पुठ्ठा कट्ट्यावर ठेवून ती हात धुवायला गेली. परत येताना दारातूनच तिला दिसलं. पायऱ्यांत खाच होती.

ती दारातच थांबली.

आजवर अशा खाचा पडतच आल्या होत्या. त्या तिला शेवटी दिसायच्या, दुसऱ्याच्या तोंडून. ही तिला स्वतःला दिसली होती, अकरा दिवस हातात असताना.

"बाबा," ती म्हणाली, "कालचे पाच राहिलेत."

"मला सकाळीच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलायचं, तर मग हे पुठ्ठे कशाला कापलेस?"

दुसऱ्या दिवशी आधी पाच खंड शिवले. खाच भरली.

विसाव्या दिवशी चौतीस खंड तयार होते. खळ वाळायची वाट बघणं भिंगरीला कधीच जमलं नव्हतं, म्हणून एकविसाव्या दिवशी सकाळी तिने मधल्या वेळात हाताला एक काम दिलं. प्रगतिपुस्तकांचं ते निळं पुस्तक. डॉक्टरांकडे उघडून उघडून त्याचा कणा सुटला होता. तिने जुनं कापड अलगद सोलून काढलं.

आत पायऱ्या होत्या. वडिलांनी दौतीच्या शाईने, हाताने काढलेल्या. पहिलीची वर, दुसरीची जरा खाली, तिसरीची त्याखाली. कोणी बघणार नव्हतं, तरी क्रम लावला होता. सहावीनंतर एक जागा मोकळी होती. मग आठवी, नववी, दहावी. सातवीची पायरी त्यांनी गाळून पुढे सरकवली नव्हती. तिची जागा सोडली होती.

भिंगरीने त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग ठरवलं, इथे एक कोरं पान शिवायचं. तिने कागद निवडला. सुईत दोरा ओवला. कण्याला अर्ध्यापर्यंत खळ लावली. तेवढ्यात घड्याळाचा गजर झाला. शेवटच्या सहा खंडांची वेळ. वाचनालयाची गाडी चारला येणार होती.

हात निघेना. आणखी दहाच मिनिटं, असं हात म्हणत होता. तिने तो हात ओळखला. निळ्या पुस्तकाच्या डोक्याशी लाल दोरा बांधला आणि ती मोठ्या टेबलाकडे वळली.

दोन खंड कव्हरात बसले आणि दार वाजलं. दादा होता. मागे खोकीवाला, हातात मोजपट्टी.

"संध्याकाळी काय ते ठरेलच," दादा जरा ओशाळून म्हणाला, "पण हे म्हणाले, आत्ता मोकळे आहेत, मापं घेऊन ठेवू. ठरलं तर."

"मोजा की," भिंगरी म्हणाली. "मोजल्याने भिंती काही झिजत नाहीत."

"ताई, हे टेबल जरा सरकवाल का? तो गठ्ठा पण?"

भिंगरीने खिशातून लाल दोरा काढला. वरच्या खंडाच्या डोक्याशी बांधला. गाठ मारली. मग दादाला म्हणाली, "धर तिकडून."

दोघांनी टेबल सरकवलं. खोकीवाल्याने भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, शिकंज्याची चौकशी केली. वीस मिनिटं गेली. मग गठ्ठा परत आला, तो खोकीवाल्यानेच उचलून ठेवला. भिंगरीने खळीचा ब्रश उचलला आणि गठ्ठ्याकडे पाहिलं.

लाल दोरा तिच्या पोटाकडे होता. असायला हवा होता पलीकडे.

तिने ब्रश खाली ठेवला. मग तिने गठ्ठा सावकाश फिरवला आणि पहिला खंड उचलला. दादा बघत होता. त्याने दोऱ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी असंच झालं होतं?" त्याने विचारलं.

"अगदी असंच."

"एवढंसं?"

"एवढंसंच असतं रे दादा."

साडेतीनला चाळीसावा खंड झाला. दादाने एकेक खंड उघडला. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान. सगळी माणसं पायांवर उभी होती. सतराव्या खंडात तो थबकला, समुद्र उजेडात धरून बघितला, आणि सांधा न सापडल्यामुळे पुन्हा बघितला. मग खोकीवाल्याकडे वळला.

"माफ करा. तुमची मोजदाद फुकट गेली."

"जाऊ द्या हो," खोकीवाला म्हणाला. "माझ्याकडे एक हिशेबाची वही आहे फाटलेली. बांधून द्याल का, ताई?"

कोपऱ्यात बसलेल्या वडिलांनी किल्ली काढली. थरथरत्या हाताने पुढे केली, आणि मधेच थांबले. "तू ही हरवशील."

"हरवेनच. म्हणून कालच दोन करून आणल्यात. एक काना-मात्राकडे."

"आणि दुसरी?"

भिंगरीने खिसे चाचपले. मग केस. गठ्ठे उतरवायला आलेल्या काना-मात्राने शिकंज्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथे होती, लाल दोऱ्यात.

खाली गाडीने हॉर्न दिला. दादाने पहिला गठ्ठा उचलला, न सांगता. काना-मात्राने दुसरा. भिंगरीने एकविसावा पुठ्ठा कट्ट्यावर उभा केला आणि तीही निघाली. वडील एकटे राहिले तेव्हा त्यांना खिडकीजवळ ते निळं पुस्तक दिसलं. त्यांनी सवयीने ब्रशकडे हात नेला.

"बाबा, त्याला हात लावू नका," जिन्यावरून आवाज आला. "ते माझं आहे. मी करीन."

"कधी?"

उत्तराचं अर्धं वाक्य हॉर्नमध्ये बुडालं.

वडिलांनी हात मागे घेतला. उघड्या कण्यावर खळ अर्ध्यापर्यंत लागली होती आणि वाळत आली होती. सुईत दोरा होता. कोरं पान बाजूला होतं. सहावीच्या आणि आठवीच्या मधली जागा अजून मोकळी होती. ब्रश खळीच्या वाटीतच राहिला होता, आणि तो आता कडक होणार होता.